रायफल मागण्याआधी गोळी किती लांब जाते ते बघा

जयसिंगपूर : रानडुकरांनी उसाचा, मक्याचा, भुईमुगाचा फडशा पाडला की गावच्या बैठकीत दोन मागण्या हमखास निघतात. एक, नुकसानभरपाई वेळेत द्या. दोन, ते जमत नसेल तर बंदुकीचा परवाना द्या, आमचं आम्ही बघतो. या दुसऱ्या मागणीला आता मोबाईलनं नवं वळण दिलंय. परदेशातले शिकारी पाचशे-सातशे मीटरवरून एका गोळीत जनावर पाडतात, असे व्हिडिओ घरोघरी बघितले जातात. मग पोरं विचारतात, अशी रायफल आपल्या शेतकऱ्याला का नको?

प्रश्न रास्त आहे. चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांत पीक राखायला माणसं रात्र रात्र जागतात. खालच्या अंगाला, कृष्णा-पंचगंगेच्या काठाला जंगल नाही, पण ऊस आहे. दहा-बारा फुटी उसाच्या फडात जनावर लपलं की आठ महिने कुणाला दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट सांगली शहरात शिरला होता. तेव्हा हा प्रश्न फक्त डोंगरातला आहे, असं म्हणून शिरोळ-हातकणंगलेकरांना मोकळं होता येत नाही.

पण व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. ज्या गोळीनं सातशे मीटरवरचं जनावर पडतं, ती गोळी चुकली तर सातशे मीटरवर थांबत नाही. ती पुढे किती जाते आणि वाटेत किती जोर राखते, हे ठरवणारा एक आकडा आहे. इंग्रजीत त्याला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात. रायफलीची मागणी करणाऱ्यानं आणि ती मागणी मान्य किंवा अमान्य करणाऱ्यानंही हा आकडा समजून घ्यायला हवा. कारण लांब पल्ल्याच्या शिकारीत जो गोळीचा गुण आहे, तोच आपल्या शिवारात तिचा सर्वांत मोठा दोष ठरतो.

गोफणीचा दगड आणि खापरीचा तुकडा

गोफण फिरवलेल्या माणसाला हा विषय अर्धा आधीच माहीत असतो. गोल, गुळगुळीत, वजनदार गुंडा लांब जातो. तेवढ्याच जोरानं सोडलेली चपटी, हलकी खापरी मध्येच हेलकावे खाऊन पडते. हाताचा जोर तोच, फरक हवेचा. हवा प्रत्येक वस्तूला अडवते. कुणाला कमी, कुणाला जास्त.

बंदुकीच्या गोळीचं तसंच आहे. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग कितीही असो, बाहेर पडल्याक्षणी हवा तिला ओढून धरू लागते. ही ओढ सोसून वेग टिकवण्याची गोळीची जी ताकद, तिचा आकडा म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट. आकडा मोठा म्हणजे गोळी हवा चांगली कापते, वेग कमी घालवते, वाऱ्यानं कमी सरकते आणि लांब जाते. आकडा लहान म्हणजे गोळी लवकर दमते.

हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो. वजन, जाडी आणि आकार. वजन तेच ठेवून गोळी बारीक आणि लांब केली तर आकडा वाढतो. नाक टोकदार केलं, शेपूट होडीसारखं निमुळतं केलं तर आणखी वाढतो. बोथट नाकाची, आखूड, जाड गोळी असेल तर आकडा घसरतो. मोजायला एक ठरावीक प्रमाण गोळी धरतात, एक इंच जाडीची आणि एक पौंड वजनाची. तिचा आकडा १. बाकीच्या गोळ्या तिच्याशी ताडून बघायच्या.

उदाहरणं घेऊ. ठासणीच्या बंदुकीतली शिशाची गोल गोळी या मोजपट्टीवर ०.०७ च्या आसपास येते. नेमबाजीच्या सरावातली .२२ ची छोटी गोळी ०.१२ ते ०.१५. परवान्यावर मिळणारी भारतीय बनावटीची .३१५ रायफल जी गोळी मारते, ती जवळपास १६ ग्रॅमची, म्हणजे दीड तोळ्याची, पण बोथट नाकाची. वजन भरपूर, पण हवा कापायला आकार चांगला नाही. .३०८ या परदेशी रायफलीतली ११ ग्रॅमची, टोकदार नाकाची आणि निमुळत्या शेपटाची स्पर्धेची गोळी ०.४५ च्या घरात जाते. खास लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या ६.५ मिलिमीटरच्या नव्या गोळ्या ०.६ च्या पुढे गेल्यात. व्हिडिओत दिसते ती बहुतेक वेळा या शेवटच्या दोन जातींतली.

कांबळवाडीच्या पोराला विचारा वारा म्हणजे काय

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद घेतलं होतं. या जिल्ह्याला रायफल नवी नाही आणि नेम म्हणजे काय, हेही नवं नाही.

या खेळात .२२ चीच गोळी असते. अंतर फक्त ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एवढ्या जवळच्या अंतरावरही उघड्या मैदानात वाऱ्याची निशाणं लावलेली असतात आणि नेमबाज चाप ओढण्याआधी त्यांच्याकडे बघतो. कारण साधं आहे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ही हलकी गोळी ५० मीटरमध्ये साधारण दोन सेंटिमीटर बाजूला सरकवतो. दहाचा नेम धरलेली गोळी त्यामुळे आठच्या रिंगणात जाते. ताशी १६ किलोमीटर म्हणजे फार मोठा वारा नव्हे. उसाची पाती सळसळतात, पण छप्पर उडत नाही, एवढाच.

आता विचार करा. जगातल्या सर्वांत चांगल्या नेमबाजांना, बांधलेल्या मैदानात, दिवसाउजेडी, न हलणाऱ्या कागदावर ५० मीटरवर वाऱ्याचा हिशोब करावा लागतो. रात्री, दवात, हलत्या जनावरावर, बॅटरीच्या उजेडात तो हिशोब कोण करणार?

लांब पल्ल्याच्या शिकारीत हा आकडा का लागतो

परदेशात, विशेषतः अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मोकळ्या मुलखात, शिकारी जनावराच्या फार जवळ जाऊ शकत नाही. तिथे लांबून गोळी मारतात. लांबून मारताना दोन गोष्टी गोळीला नेमावरून हलवतात. एक, पृथ्वीची ओढ. ती गोळीला खाली पाडते. दोन, वारा. तो बाजूला नेतो.

खाली पडणं मोजता येतं. अंतर माहीत असलं की दुर्बिणीवर तेवढे आकडे वळवून नेम वर घेता येतो. वारा मात्र तसा हाती लागत नाही. शिकारी उभा आहे तिथे एक वारा, मधल्या दरीत दुसरा, जनावराजवळ तिसरा. वरच्या .३०८ च्या चांगल्या गोळीचाच हिशोब केला तर ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ती साधारण २७५ मीटरवर एक वीत सरकते. साधारण ४५० मीटरवर तीच गोळी अर्धा मीटर सरकते. त्याच वजनाची, त्याच वेगाची, पण बोथट नाकाची कमी आकड्याची गोळी दुपटीहून जास्त सरकते. अर्धा मीटर म्हणजे काळजावर धरलेला नेम पोटात जाणार. जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं.

म्हणून तिथले शिकारी जास्त आकड्याच्या गोळीसाठी पैसे मोजतात. जनावराला तडफडत ठेवायचं नाही, ही त्यामागची चांगली बाजू. जास्त आकड्याची गोळी लांब अंतरावरही जोर राखते, त्यामुळे नेम बसला तर जनावर जागेवर पडतं. तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांचा नियमही ठरलेला आहे. जनावराच्या मागे गोळी अडवणारा डोंगर किंवा मातीचा चढ असल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. व्हिडिओत नेम दिसतो, मागचा डोंगरही दिसतो. बघणाऱ्याचं लक्ष फक्त नेमाकडे जातं.

अमेरिकन सैन्याला चांगली गोळी मागे घ्यावी लागली

चांगली गोळी अडचणीची कशी ठरते, याचं एक जुनं आणि पक्कं उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्य .३०-०६ रायफलीतून सपाट बुडाची गोळी वापरत होतं. तिचा कमाल पल्ला साधारण ३ किलोमीटर निघाला. युद्धात तो अपुरा पडला. म्हणून नंतर होडीसारख्या निमुळत्या शेपटाची, जरा जड, जास्त आकड्याची नवी गोळी आणली. तिचा पल्ला ५ किलोमीटरपर्यंत गेला.

गोळी उत्तम होती. अडचण सरावाच्या मैदानांवर आली. मैदानांमागे सोडलेली मोकळी जागा जुन्या गोळीच्या हिशोबानं होती. नवी गोळी त्या जागेच्या पलीकडे जाऊ लागली. शेवटी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्याला पुन्हा सपाट बुडाची, कमी पल्ल्याची गोळी सरावासाठी मागवावी लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तीच मुख्य गोळी झाली.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की रायफल बदलली नव्हती. माणसंही तीच होती. फक्त गोळीचा आकार सुधारला आणि धोक्याचं वर्तुळ जवळपास दोन किलोमीटरनं वाढलं. ज्या सैन्याकडे शेकडो एकरांची मैदानं होती, त्यालाही ते परवडलं नाही.

हेच गणित जयसिंगपूरच्या शिवारात

आता हे गणित आपल्या रानात मांडू. शंभर मीटर म्हणजे अडीच एकराच्या चौरस तुकड्याची एक बाजू. बांधावर उभा असलेला माणूस दुसऱ्या बांधावरच्या डुकरावर नेम धरतो. डुक्कर हललं, हात हलला आणि रायफलीचं तोंड आडव्या रेषेपेक्षा फक्त एक अंश वर गेलं. शंभर मीटरवर गोळी पावणेदोन मीटर वरून निघून जाते, म्हणजे डुकराच्या डोक्यावरून. तीच .३०८ ची गोळी सपाट रानात जमिनीला टेकते ती सुमारे एक किलोमीटर पुढे. तोंड आणखी वर गेलं तर या जातीच्या गोळ्या ३ ते ४ किलोमीटर सहज गाठतात. छोट्या .२२ च्या डब्यावरही दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. दीड मैल म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर.

जयसिंगपूरच्या बाहेर कुठल्याही रानात उभं राहून चार किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात उदगाव येतं, चिपरी येतं, संभाजीपूर येतं. सांगली-कोल्हापूर रस्ता येतो, मिरज-कोल्हापूर रेल्वे येते. शाळा, वस्त्या, गोठे, पोल्ट्री, गुऱ्हाळं येतात. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी हे गाव बाजारपेठ म्हणून वसवलं. आज त्याच्या चारी बाजूंना मळ्यात राहणारी माणसं आहेत. गाव संपून रान लागतं म्हणेपर्यंत दुसऱ्याची वस्ती सुरू होते. शिरोळची जमीन सपाट, गोळी अडवायला डोंगर नाही. समोर दिसतो तो ऊस. ऊस नजर अडवतो, गोळी अडवत नाही. पात्याला, कांडीला घासून गोळीची दिशा तेवढी बदलते.

त्यात वेळेचा घोळ. डुक्कर येतं रात्री. शेतीपंपाला लाईट बऱ्याच वेळा मिळते रात्री. म्हणजे ज्या अंधारात जनावर येतं, त्याच अंधारात शेजारचा शेतकरी बॅटरी घेऊन पाणी पाजत असतो. गळीत हंगामात पहाटेपासून ऊसतोड मजूर फडात असतात. त्यांची बायका-पोरं खोपीत झोपलेली असतात. खोपीची भिंत म्हणजे पाचट आणि ताडपत्री. उसात काहीतरी सळसळलं म्हणजे ते डुक्करच असेल, असं कोण सांगणार?

ही भीती कागदावरची नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेटीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकीच एकाचा जीव गेला. सोबत्यानं डुक्कर समजून गोळी झाडली होती. ते जंगल होतं, आपल्याकडे तर घरं आहेत. तिथे माणूस मेला तो लांब पल्ल्याच्या रायफलीनं नव्हे, ओळख चुकल्यानं. मारणाऱ्याला समोर काय आहे हे दिसलं नाही. अंतर वाढलं की हे दिसणं आणखी अवघड होतं.

कायद्यानं शेतकऱ्याला कोणती बंदूक ठेवली

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या १३ व्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही, असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. गुळगुळीत नळी म्हणजे आत पीळ नसलेली. रायफलीच्या नळीत पीळ असतो, तो गोळीला भोवऱ्यासारखा फिरवतो, म्हणून लांब टोकदार गोळी सरळ जाते. पीळ नसेल तर अशी गोळी कोलांट्या खाईल. म्हणून गुळगुळीत नळीतून गोल गोळी किंवा छर्रे मारतात आणि त्यांचा आकडा अगदी लहान असतो.

बऱ्याच शेतकऱ्यांना ही दुजाभावाची वागणूक वाटते. जुनी, कमी ताकदीची बंदूक आपल्या माथी मारली, असा समज आहे. वरचं गणित बघितलं की चित्र उलटं दिसतं. बारा बोअरचे मोठे छर्रे ३० ते ४० मीटरपर्यंत नीट काम करतात, त्यापुढे विखुरतात आणि जोर घालवतात. धोका पूर्ण संपत नाही, पण रायफलीच्या तुलनेत वर्तुळ खूपच लहान राहतं. दाट वस्तीच्या शेतीत पिकाच्या बंदुकीला लवकर दमणारी गोळीच हवी.

बंदूक हातात असणं आणि डुक्कर मारायची परवानगी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही अनेकांना माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नव्या रचनेत रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकासह माणसाच्या जीविताला किंवा मालमत्तेला धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी कारण देऊन ते मारायची परवानगी देऊ शकतो. गवा, बिबट्या, हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत. तिथे जनावर पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल तरच विचार होतो आणि तो अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकालाच आहे. अनुसूची १ मधल्या जनावराची बेकायदा शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आहे. तेव्हा गव्यावर रागानं झाडलेली एक गोळी शेतकऱ्याचं घर बसवू शकते.

कुंपणात वीज सोडणं, पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरणं हे मार्गही असेच घातक आहेत. त्यात जनावराबरोबर शेजाऱ्याची म्हैस, कुत्रं आणि माणूसही मरतो. बंदूक नको म्हणून हे चालेल, असा अर्थ कुणी काढू नये.

दुसऱ्यांनी काय केलं

बिहारमध्ये २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या भागात दोनशेहून अधिक नीलगाई गोळ्या घालून मारल्या गेल्या. त्याआधी केंद्रानं नीलगाय तिथे उपद्रवी जाहीर केली होती. काम हैदराबादहून आणलेल्या तरबेज नेमबाजांनी केलं, गावकऱ्यांनी नव्हे. मोकामाचा टाल म्हणजे नदीचा मोठा मोकळा पट्टा. तरीही दिल्लीत मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांत त्यावरून जाहीर वाद झाला.

केरळनं मे २०२२ मध्ये रानडुकराबाबत अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणले. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करायची, तक्रार आली की त्यातून माणूस नेमायचा. विष, स्फोटक आणि वीज वापरायला तिथेही बंदी ठेवली. निर्णय गावात आणि चाप मोजक्या नोंदलेल्या माणसांच्या हातात, असा तो मधला मार्ग आहे.

आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात माणसांवर हल्ले करणारा बिबट्या वन विभागाच्या पथकानं मारला. आधी ड्रोननं शोध घेतला, मग बेशुद्ध करायचा प्रयत्न झाला, तो फसल्यावर नेमबाजांनी गोळ्या झाडल्या. उसाच्या पट्ट्यातली ही घटना आहे. तिथेही भर जनावर शोधून त्याच्या जवळ जाण्यावर होता.

मग मागायचं काय

शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि नुसतं ‘सहन करा’ म्हणून ते भागत नाही. दाजीपूरचं जंगल एकेकाळी संस्थानिकांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं. तेव्हा शिकारी थांबला, जनावर वाचलं, याचा जिल्ह्याला अभिमान आहे. पण वाचलेल्या जनावराची वैरण कुणाच्या रानातून जाते, हा हिशोब राखणदारी करणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी एकट्यानं बसू नये. म्हणून मागणी जोरात करावी, फक्त योग्य गोष्टीची करावी.

ग्रामसभेत ठराव करायचा असेल तर ‘प्रत्येकाला रायफल’ याऐवजी पुढचे मुद्दे मांडता येतील.

पहिला, नोंदलेलं पथक. वन विभाग आणि पोलिसांच्या यादीतली, चाचणी दिलेली माणसं. जिल्ह्यात नेमबाजीची एवढी परंपरा असताना प्रशिक्षण देणारे मिळणार नाहीत, असं नाही.

दुसरा, जवळचं अंतर आणि उंच जागा. तीन मीटर उंच माळ्यावरून तीस मीटरवरच्या डुकरावर गोळी मारली तर चुकलेली गोळी पाच-सहा मीटर पुढे मातीत जाते. तीच गोळी जमिनीवर उभं राहून शंभर मीटरवर मारली तर ती पुढे उसात शिरते किंवा कडक जमिनीवरून उसळून भलतीकडे जाते. माळा आपल्या बापजाद्यांनी राखणीसाठीच बांधला. गोळीच्या गणितातही तोच पास होतो.

तिसरा, कमी पल्ल्याचं हत्यार. गुळगुळीत नळीचीच बंदूक आणि मागे मातीचा बांध किंवा चढ असेल तरच वापर.

चौथा, आधी दवंडी. कोणत्या रात्री, कोणत्या गटात पथक आहे, हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाला आधी कळवायचं. त्या रात्री त्या गटात पाणी पाजायला कुणी जाणार नाही, याची जबाबदारी ग्रामपंचायतीनं घ्यायची.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, पैसे वेळेत. वन्यप्राण्यांमुळे होणारं पिकाचं नुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत धरण्याची घोषणा केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. अट अशी, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीक विमा अॅपवर जागेची नोंद असलेला फोटो टाकून तक्रार करायची. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. विमा मात्र अधिसूचित पिकालाच असतो. आपलं पीक आणि आपला तालुका यादीत आहे का, हे पेरणीआधीच तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावं. ऊस यादीत नसेल तर तो घालावा, ही मागणी तर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेच्या मैदानातूनच व्हायला हवी. वन विभागाकडचा भरपाईचा अर्ज वेगळा असतो, तोही सोडू नये.

लांब पल्ल्याच्या शिकारीचे व्हिडिओ बघण्यात गैर काही नाही. त्यातलं शास्त्र खरं आहे, गोळ्याही खऱ्याच चांगल्या आहेत. फक्त त्या बनल्या आहेत जिथे मैलोन् मैल माणूस नाही, अशा मुलखासाठी. आपल्या शिवारात दर दोन फडांमागे एक दिवा जळतो. तिथे गोळी किती लांब मारते, याआधी ती कुठे थांबते, हे विचारावं लागतं. या प्रश्नाचं उत्तर ज्या मागणीत नाही, ती मागणी डुकराआधी शेजाऱ्याच्या जिवावर उठेल.